ओझ्याखालची शांतता

शांत असणे हे मुळातच चांगले, की माणसाने काय वाहायला घेतले आहे त्यावर ते ठरते? हा प्रश्न साधकांचा आणि तत्त्वज्ञांचा मानला जातो. पण अमेरिकेतल्या कित्येक जुन्या पिकअप ट्रकमध्ये गिअरच्या दांडीवर असलेले एक लहानसे बटण चालकाला नेमके हेच विचारते. त्या बटणाने चालू-बंद होणारा ओव्हरड्राइव्ह हा वरचा गिअर केव्हा चालू ठेवायचा आणि केव्हा बंद करायचा, याचा नीट विचार केला तर शांततेविषयीची आपली एक लाडकी समजूत टिकत नाही, असे मला वाटते.

थेट गिअरमध्ये इंजिनाचा एक फेरा म्हणजे गिअरबॉक्समधून चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टचाही एक फेरा. ओव्हरड्राइव्हमध्ये हे प्रमाण एकाच्या खाली येते. जनरल मोटर्सने १९८२च्या मॉडेलांपासून आणलेल्या ७००-आर४ या स्वयंचलित गिअरबॉक्समध्ये ते ०.७० होते. म्हणजे थेट गिअरमध्ये ज्या वेगाला इंजिन मिनिटाला २,५०० फेरे घेते, त्याच वेगाला इथे १,७५० पुरतात. आवाज कमी, झीज कमी, इंधन कमी. १९७३च्या तेलसंकटानंतर १९७५मध्ये अमेरिकेने गाड्यांच्या इंधनवापरावर कायद्याने बंधन आणले, आणि स्वयंचलित गाड्यांत हा गिअर सर्रास येण्यामागे त्या काटकसरीचा मोठा रेटा होता. तेव्हा ओव्हरड्राइव्ह ही चैन नव्हे. संयमाच्या एका सार्वजनिक गरजेतून तो रुजला. रिकामा ट्रक, सपाट महामार्ग, एकसारखा वेग अशा वेळी तो चालूच असावा, यात वाद नाही.

वाद सुरू होतो तो मागे जड ट्रेलर जोडल्यावर. चढ लागला की १,७५० फेऱ्यांत पुरेशी ताकद निघत नाही. चालक ॲक्सिलरेटर दाबतो, गिअरबॉक्स एक गिअर खाली येतो, जरा वेग मिळताच पुन्हा ओव्हरड्राइव्हमध्ये जातो आणि लगेच परत खाली येतो. या चढउतरीत इंजिनाची ताकद गिअरबॉक्सकडे पोहोचवणारा टॉर्क कन्व्हर्टर वारंवार घसरतो आणि त्या घसरणीची उष्णता गिअरबॉक्सच्या तेलात साठत जाते. चालकाच्या कानाला मात्र इंजिन मधूनमधून छान शांत लागते. ताण कुठेच गेलेला नसतो; तो ऐकू येणाऱ्या जागेवरून ऐकू न येणाऱ्या जागी सरकलेला असतो. उतारावर तर हे अधिक भयंकर. कोलोरॅडोत आंतरराज्य महामार्ग ७० आयझेनहॉवर बोगद्यापाशी ११,००० फुटांवर पोहोचतो आणि तिथून तीव्र उताराने खाली येतो. अशा ठिकाणी ओव्हरड्राइव्हमध्ये इंजिन गाडीला जवळजवळ धरतच नाही. सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि तापलेले ब्रेक पकड सोडतात. ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरावा, हा सह्याद्रीतल्या चालकांचा नियम याच कारणाने तिथेही लागू पडतो. खालच्या गिअरमध्ये इंजिन गुरगुरते, आणि त्या गुरगुरण्यामुळेच पुढच्या वळणावरची माणसे सुरक्षित राहतात.

म्हणून माझे म्हणणे असे, की शांतता हा स्वतंत्र सद्गुण नाही. ओझ्याशी तिचे प्रमाण जुळते तेवढीच ती चांगली. ॲरिस्टॉटलने नीतिशास्त्रावरच्या ग्रंथात मध्यम मार्गाविषयी लिहिताना मिलो या मल्लाचा दाखला दिला आहे: जेवढे अन्न मिलोला कमी पडेल तेवढेच नवशिक्याला जास्त होईल. मध्यबिंदू आकड्यांच्या मधोमध नसतो, तो ज्याच्या-त्याच्या स्थितीवरून काढावा लागतो. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या ‘गीतारहस्या’त ज्ञान झाल्यावरही कर्म सुटत नाही, अशी बाजू मांडली. ज्याच्यावर घर, संस्था किंवा आजारी माणूस अवलंबून आहे, त्याने संन्याशाची निवांतता अंगी बाणवली तर तिची उष्णता कुणाच्या तरी अंगावर साठते. बहुधा घरातल्या सर्वांत कमी बोलणाऱ्याच्या.

यावर एक आक्षेप असा, की यंत्रातून नीती काढणे चुकीचे. गिअरला ना इच्छा ना कर्तव्य. बरोबर आहे, पण नीती गिअरची नाही, बटणावर बोट ठेवणाऱ्याची आहे. त्याच्या निर्णयावर अनोळखी माणसांचे जीव अवलंबून असतात, तेव्हा तो निर्णय निव्वळ तांत्रिक राहत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: आजची यंत्रणा हे सगळे स्वतःच ठरवते. फोर्डच्या दहा गिअरांच्या गिअरबॉक्समध्ये वरचे तीन गिअर ओव्हरड्राइव्हचेच आहेत आणि संगणक क्षणाक्षणाला त्यांतून निवड करतो. तरीही अशा ट्रकमध्ये ओझे ओढण्यासाठी चालकाने निवडायची वेगळी सोय ठेवलेली आहे. संगणकाला भार कळतो तो बहुतेक वेळा पडल्यावर; पुढच्या वळणापलीकडचा उतार चालकाला पाटी वाचून आधीच कळतो. विवेकाचे काम त्या आधीच्या क्षणाचे आहे.

मग ओव्हरड्राइव्ह कायमचाच बंद ठेवला तर? काही कर्तव्यनिष्ठ माणसे अशीच जगतात, ओझे उतरले तरी त्याच फेऱ्यांवर. त्यांच्याविषयी मला आदर आहे, पण ही दक्षता नव्हे. कोलोरॅडोतला तोच महामार्ग ७० पूर्वेला कॅन्ससच्या मैदानात उतरतो. तिथे ट्रेलर सोडून मोकळा झालेला ट्रक थेट गिअरमध्येच पळवत राहिले तर इंधन जळते आणि कुणाचेच रक्षण होत नाही. पण त्याच मैदानात मागे उंच, रिकामा ट्रेलर असेल आणि समोरून जोराचा वारा असेल, तर वजन नसतानाही ओझे असते. गिअरबॉक्स पुन्हा वरखाली करू लागतो, आणि रस्ता सपाट असूनही ओव्हरड्राइव्ह बंद करावा लागतो.