टाळ वाजत राहिला तर

ज्येष्ठ वद्यात तुकोबांची पालखी देहूहून निघते आणि आमच्या आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात मुक्कामाला येते. एवढ्या लोकांना चालवतं कोण, हा प्रश्न प्रेस शॉपच्या सुपरवायझरीत उभा जन्म घालवलेल्या मला दरवर्षी पडतो. रथापुढच्या आणि रथामागच्या दिंड्यांचे क्रम ठरलेले. तंबू, स्वयंपाक, भजन ज्या त्या दिंडीचं. वरून हुकूम सोडणारा कुणी दिसत नाही.

माझे एक मालक असेच, हुकूम न सोडणारे होते. ‘तुमचं तुम्ही बघा’ म्हणायचे, आणि त्याचा फायदा मी पाहिलाय. सेटर मंडळींनी डायांचे रॅक आपल्या सोयीनं लावले, डाय बदलायचा वेळ खूप उतरला. विश्वास टाकला की माणूस काम आपलं मानतो.

पण ऑर्डर वाढली. पॉवर प्रेसला दोन बटणं असतात; दोन्ही हात त्यांवर असल्याशिवाय रॅम खाली येत नाही. रात्रपाळीत एक बटण दाबून बांधून ठेवू लागले, म्हणजे दुसऱ्या हातानं पार्ट सरकवता येतो. दोन्ही बटणं वापरून टार्गेट पुरं होत नाही, हे ऑपरेटर सांगत होते. पण त्यांचं सांगणं ठेकेदारापाशीच अडलं. एका कोवळ्या हेल्परची दोन बोटं गेली. मालक कळवळले, पण म्हणाले, ‘मी कुणाच्या कामात ढवळाढवळ करत नाही, गीतेतली अनासक्ती पाळतो.’

ही अनासक्ती मला पटत नाही. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात कृष्ण सांगतो, मला मिळवायचं काही उरलं नाही, तरी मी कर्म करतो. नाहीतर लोक माझंच पाहून वागतील. शस्त्र न धरण्याचं वचन त्यानं दिलं, पण लगाम हाती घेतला. जयद्रथवधाच्या दिवशी भर रणात घोडे सोडून त्यांच्या अंगातले बाण त्यानं स्वतः उपसले, त्यांना पाणी पाजलं. कुणावर बाण सोडायचा ते अर्जुनानं पाहिलं. दमलेल्या घोड्यांचं सारथ्यानं पाहिलं.

विठोबाही कमरेवर हात ठेवूनच उभा आहे. पण त्याच्या पायांवर डोकं टेकता येतं, म्हणून ते उभं राहणं आपल्याला परकं वाटत नाही. त्या पायांपर्यंतची वाटही पूर्वी सगळ्यांना खुली नव्हती. त्यासाठी १९४७ साली साने गुरुजींना उपोषण करावं लागलं.

ज्ञानेश्वर माउलींच्या पालखी सोहळ्याला शिस्त लावली ती शिंद्यांच्या पदरी राहिलेल्या हैबतबाबांनी. तिथे मुक्कामी समाजआरतीला चोपदार काठी उंचावतात आणि सगळे टाळ थांबतात. ज्या दिंडीची तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवत राहते. मग चोपदार तिच्यापाशी जातात, ऐकून घेतात, तिथल्या तिथे निवाडा होतो. दिवसभर कुणी कुणाला हाकत नाही, हे या संध्याकाळच्या जोरावर जमतं असं मला वाटतं.

चाकणचे तरुण मालक भेटतात, लोकांना मोकळीक देतो म्हणतात. चांगलंच आहे. मी विचारतो, रात्रपाळीच्या कंत्राटी हेल्परकडे तुमचा फोन नंबर आहे का? बहुतेक जण ठेकेदाराचं नाव सांगतात.