आंबवणी

मोर्शीला एक संत्रा बागायतदार होता. त्याला एकच मुलगा, आणि तो जर्मनीत येना नावाच्या शहरात नोकरीला. बापाची बाग सिंभोऱ्याच्या रस्त्याला, पोराची खुर्ची चौथ्या मजल्यावर. बाप दिवसभर उभा, पोरगा दिवसभर बसलेला.

बसून बसून अंग जड झालं म्हणून पोरगा पळू लागला. आधी नदीकाठानं दोन किलोमीटर, मग पाच, मग दहा. परक्या मुलखात रविवार फार लांबतो. दुकानं बंद, रस्ते सुने, आणि घरचे फोनवर बोलून बोलून किती बोलणार? पळण्यानं त्याचा रविवार भरून निघाला. त्याच नादात त्याला रेनस्टाइगच्या शर्यतीचं कळलं.

रेनस्टाइग म्हणजे थुरिंगियाच्या जंगलातून डोंगरमाथ्यावरून गेलेली सुमारे १७० किलोमीटरची जुनी पायवाट. तिच्यावर १९७३ पासून शर्यत होते. त्यातला सगळ्यात लांब पल्ला सुमारे ७४ किलोमीटरचा. आयसेनाखच्या बाजारचौकातून सकाळी सहाला निघायचं आणि श्मीडेफेल्ड नावाच्या खेड्यात पोचायचं. मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरची, त्यापुढं जे जातं ते अल्ट्रा. वाट डांबराची नाही, मुळ्यांची, दगडांची, चिखलाची, म्हणून ट्रेल.

पोरानं नाव घातलं. तयारी कशी करायची ते ठाऊक नव्हतं. ऑफिसातला एक सहकारी ही शर्यत अनेकदा पळलेला होता, त्याचा सरावाचा तक्ता पोरानं जसाच्या तसा उतरवून घेतला. सहकारी लहानपणापासून त्याच डोंगरात वाढलेला. तक्त्यात आठवड्याला नव्वद किलोमीटर लिहिले होते, हाही नव्वद पळू लागला. नडगी दुखायला लागली, तर दुखणं हा सरावाचाच भाग आहे असं समजून पळत राहिला. फेब्रुवारीत एका सकाळी पाय जमिनीला टेकवेना. डॉक्टरनं सांगितलं, हाडाला केसाएवढी चीर गेली आहे, स्ट्रेस फ्रॅक्चर. आठ आठवडे पळणं बंद. त्या वर्षीची शर्यत गेली.

रात्री त्यानं घरी फोन केला.

"स्ट्रेस म्हंजे काय रे?" बापानं विचारलं.

"ताण, बाबा. हाडाला ताण जास्त झाला."

बाप थोडा वेळ बोललाच नाही. मग म्हणाला, "कोनाच्या जमिनीचा ताण देल्ला तू?"

पोराला तो प्रश्न तेव्हा कळला नाही. बापानंही फोनवर उलगडून सांगितलं नाही.

गावात बातमी पोचली तेव्हा लोक म्हणाले, हे परदेशातलं वेड, आपल्याकडं कोण असं अंग झिजवतं? मला ते पटत नाही. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा चमू १९३६ साली बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी जर्मनीला गेला होता आणि आपले देशी खेळ त्यानं तिथं करून दाखवले होते. वऱ्हाडी माणसानं जर्मनीत घाम गाळणं नवं नाही. पोराची चूक पळण्यात नव्हतीच.

डिसेंबरात पोरगा रजेवर आला. आंबिया बहारासाठी बापानं बागेचं पाणी तोडलेलं होतं. संत्र्याचं झाड बारा महिने पाणी पीत राहिलं तर नुसतं हिरवं होत जातं. त्याचं पाणी काही दिवस तोडलं की वाढ थांबते, झाड अन्न साठवून धरतं, आणि मग पाणी मिळालं की फुलावर येतं. याला आमच्याकडं ताण देणं म्हणतात. साऱ्या मोर्शी-वरुडचा पैसा या ताणावर उभा आहे.

बाप पोराला घेऊन बागेत गेला. एका झाडाच्या घेराखाली बसून त्यानं खुरप्यानं वीतभर माती उकरली, मुठीत दाबली आणि मूठ उघडली. ढेकूळ क्षणभर तसंच राहिलं, मग तडकून दोन तुकडे झालं. बापानं एक तुकडा पोराच्या हातावर ठेवला. वरून कोरडा, आतून गार.

"अजून ओल हाय," बाप म्हणाला. "आपली जमीन काळी. दीड-दोन महिने धरून ठेवते. तो वरच्या आंगचा मळा पाहून रायला न? मुरमाड हाय. त्यानं आमचं पाहून पाणी तोडलं, आमचं पाहूनच बंद ठेवलं. त्याच्या मुरमाले तीन हप्ते लय झाले होते. झाडं सल धरून बसली."

वरच्या मळ्यात फांद्यांची टोकं वाळून काटक्या झालेली दिसत होती.

"मग ताण दिलाच नाही तर, बाबा?"

"त पानंच पानं. हिरवंगार दिसन, फूल नाई यायचं. ताण त द्याच लागते. पन आपली जमीन पाहून द्याव, दुसऱ्याची पाहून नाई. त्याची जमीन खोटी नाई, आपली बी खोटी नाई. येगयेगळ्या हायेत."

"पण पुरे झालं हे कळतं कसं?"

बापानं एक फांदी वाकवली. पानांची चकाकी गेली होती, पिवळट झाक आली होती. झाडाखाली थोडी पानगळही पडली होती. चौथा हिस्सा पानं गळेपर्यंत चालतं, त्यापुढं नाही. "दुपारी पान मान टाकते. ते खरं धरू नको, उन्हानं कोनीबी मान टाकन. सकायी येऊन पाह्य. सकायी पान उभं झालं त झाड मजेत हाय, आनखी चार दिस काढते. सकायी बी पडलेलंच दिसलं त पाणी सोड. तवा मंग शेजाऱ्याच्या मळ्याकडं पाहू नको."

पुढं ते पाणी सोडणंही त्यानं सांगितलं. तहानलेल्या झाडाला एकदम भरपूर पाणी द्यायचं नसतं. पहिलं पाणी हलकं, ते आंबवणी. काही दिवसांनी दुसरं, ते चिंबवणी. त्यानंतर नेहमीचं. घाई केली तर मिळालेला ताण वाया जातो.

महिनाभर पोरगा मोर्शीत राहिला. सकाळी कालव्याच्या वाटेनं पळायचा, रविवारी सालबर्डीचा डोंगर पायी चढून यायचा. लहानपणी महाशिवरात्रीच्या यात्रेत बापाच्या खांद्यावर बसून गेला होता तीच वाट. पळता येईल तिथं पळायचा, चढ आला की चालायचा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खाटेवरून उतरताना पाय कसा टेकतो ते पाहायचा. येनाला परतल्यावर त्यानं सहकाऱ्याचा तक्ता आदरानं परत केला आणि स्वतःचा नवा लिहिला. आठवड्याला पन्नास किलोमीटर, चौथा आठवडा हलका, आणि तक्त्यात एक जास्तीचा रकाना: सकाळी पाय कसा.

मे महिन्यात तो आयसेनाखच्या चौकात उभा राहिला. ज्या किल्ल्यात मार्टिन ल्युथरनं बायबलचा नवा करार जर्मन भाषेत आणला तो वार्टबुर्ग याच गावाच्या डोक्यावर आहे. सहा वाजता शर्यत सुटली आणि जंगलात शिरली. पहिले दोन तास त्यानं मुद्दाम सावकाश काढले. ९१६ मीटरच्या इन्सेल्सबर्गचा चढ तो चालत चढला, सालबर्डीसारखा, हात गुडघ्यावर ठेवून. या शर्यतीत वाटेवरच्या थांब्यांवर ओटची पातळ गरम पेज देतात. पहिला घोट घेतला आणि त्याला आजीच्या ज्वारीच्या कण्या आठवल्या. तेच ओशट, तेच सौम्य, तसंच पोटात बसणारं.

४२ किलोमीटर झाले तेव्हा कुठंही पाटी नव्हती, पण मनगटावरच्या घड्याळात आकडा उलटताना त्यानं पाहिला. आयुष्यात कधी गेला नव्हता इतका लांब तो आता पायानं आला होता. पुढचं प्रत्येक पाऊल नवं.

पन्नाशीच्या आत उजव्या गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला कळ सुरू झाली. उतारावर वाढायची, चढावर कमी व्हायची. सुमारे ५५ किलोमीटरवर ग्रेन्त्सआडलर नावाचा थांबा आहे. तिथं थांबायचं असेल तर थांबता येतं, आणि तिथवरची वेळही रीतसर नोंदतात. पोरगा बाकावर बसला. दुपारचे दोन वाजले होते.

दुपारचं पान, त्यानं स्वतःला बजावलं. दहा मिनिटं बसून उठला, उजव्या पायावर भार दिला. गुडघा दुमडला. पुन्हा बसला, पेज घेतली, पाय चोळला, उठला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्यानं बाकाची पाठ धरून पाहिलं. शेजारून माणसं पुढं जात होती. त्यात साठीच्या पुढचे होते, हसत जाणारे होते. उरलेले १९ किलोमीटर लंगडत ओढता आले असते, कुणी अडवलं नसतं. तरीही तो थांबला, आणि मला तो इथंच सगळ्यात जास्त आवडतो. त्याला त्या गर्दीत कुणीच ओळखत नव्हतं, हरला म्हणणारं किंवा शाबास म्हणणारं कुणी नव्हतं. त्यानं फक्त आपला गुडघा पाहिला.

मोर्शीत तेव्हा साडेपाच झाले होते. आंबिया बहाराची फळं लिंबाएवढी व्हायला आली होती आणि बाप संध्याकाळचं पाणी सोडून उभा होता.

"बाबा, पंचावन्नवर थांबलो."

"पान उभं होऊन रायलं होतं का?"

"नाही. तीनदा पाहिलं."

"मंग बराबर केलं तू." पलीकडं पाइपातून आळ्यात पडणाऱ्या पाण्याचा आवाज येत होता. "लय तहान लागली असन. एकदम नको पेऊ लेका. आधी आंबवणी."

पोराच्या हातात मिठाच्या पाण्याचा पेला होता. त्यानं अर्धा प्यायला, उरलेला अर्धा बाकावर ठेवला आणि वाकून बुटाची नाडी सोडू लागला.