कोसलराजाचा भात

तैत्तिरीय उपनिषदातील भृगुवल्लीत वरुणाचा पुत्र तप करून प्रथम ज्या निष्कर्षाला पोचतो तो, अन्न हेच ब्रह्म, हा होय. पुढे त्याला प्राण, मन, विज्ञान आणि आनंद अशा पायऱ्या चढावयाच्या असतात हे खरे, परंतु वर गेल्यावर खालची पायरी मोडून टाकावी असे उपनिषत्कार कोठेही म्हणत नाहीत, उलट अन्नाची निंदा न करणे आणि अन्नाला न झिडकारणे ही ते व्रते म्हणूनच सांगतात. त्याच उपनिषदात थोडे अलीकडे, ब्रह्मानंदवल्लीत, निरोगी वाचकाच्या नजरेतून सहज निसटावे असे एक विधान येऊन जाते: प्राणी अन्न खातात आणि अन्नही प्राण्यांना खाते. ज्याच्या रक्तातील साखर जेवणानंतर दोन तासांनी मोजली जाते त्याला या विधानावर भाष्य लागत नाही. त्याच्या डोळ्यांचा पडदा, त्याची मूत्रपिंडे, त्याच्या तळपायांतील संवेदना यांतून अन्न आपला वसूल हप्त्याहप्त्याने, कसलाही तगादा न लावता, नेत असते. तेव्हा जे पूज्य आहे आणि जे भक्षकही आहे अशा अन्नाशी, आणि त्यातही भातासारख्या जन्मापासून जिभेवर बसलेल्या अन्नाशी, मधुमेही मनुष्याने कोणत्या नात्याने राहावे, हा प्रश्न वैद्यकाचा आहे तितकाच धर्माचाही आहे.

तो मी वाकडात बसून विचारतो याला कारण आहे. मुळेच्या काठचे हे गाव. ग्रामदैवत म्हातोबा, ज्याचे बगाड चैत्रात हिंजवडीहून निघून आजही येथवर येते. देशावरच्या कोणत्याही गावाप्रमाणे येथील जुन्या माणसांचे रोजचे अन्न भाकरी. भात मावळच्या खाचरांतून यायचा आणि त्याचा मान पाहुण्याला, सणाला आणि नैवेद्याला असायचा. शेतांवर इमारती उभ्या राहिल्या, हिंजवडीच्या संगणकनगरीने देशभरची माणसे आणली आणि त्या माणसांबरोबर त्यांचे भातही आले: आंध्राचा पुलिहोरा, केरळचा जाड लाल तांदूळ, बंगाल्याचा माशाच्या कालवणाबरोबरचा भात, कोकण्याचा पेजभात. चाकण-तळेगावच्या पट्ट्यात जपानी आणि कोरियन कारखाने आले, तेव्हा सुशी आणि किंबाप हे शब्द मराठी मुलांच्या तोंडी बसले. संध्याकाळी डांगे चौकाच्या बाजूला जाऊन पाहावे. लोखंडी कढईखाली निळी ज्वाळा भरभरत असते, गाडीवाला सकाळीच शिजवून मोकळा करून ठेवलेला भात ओंजळीने उचलून तीत टाकतो, शेजवान चटणीचा लालभडक डाव फिरवतो आणि एका माणसाची म्हणून जी बशी समोर सरकवतो तिच्यात घरच्या तीन-चार वाट्यांचा ऐवज असतो. शंभर ग्रॅम शिजलेल्या पांढऱ्या भातात सुमारे २८ ग्रॅम कर्बोदके असतात. बशीचा हिशेब ज्याचा त्याने करावा. जे अन्न सणाचे होते ते रोजचे झाले, आणि ते पचवणारे शेतातले श्रम मात्र नाहीसे झाले.

चरकाने प्रमेहाची, म्हणजे ज्या रोगवर्गात मधुमेह मोडतो त्याची, कारणे सांगताना पहिला मान दह्याला किंवा गुळाला दिलेला नाही. तो दिला आहे बसण्याच्या सुखाला, आणि दुसरा झोपेच्या सुखाला. दही, दूध, नवे धान्य, गुळाचे पदार्थ ही मंडळी मागाहून येतात. त्याच चरकाने प्रमेह्याचे मुख्य अन्न म्हणून जवाला गादीवर बसवले, पण जुन्या साळीच्या भाताला त्याने हद्दपार केले नाही. कडू भाज्यांच्या सोबतीने त्याला मुभा ठेवली. सुश्रुत तर अधिक कडक. निर्धन प्रमेह्याने पायांत वहाण आणि डोक्यावर छत्री न घेता, भिक्षेवर राहून, एका गावी एकाच रात्रीचा मुक्काम करीत शंभर योजने चालावे, किंवा विहीर खणावी, असा त्याचा आदेश आहे. वाकडातील एखाद्या गृहस्थाने सोसायटीच्या आवारात विहीर खणावयास घेतली तर कमिटीची नोटीस त्याच संध्याकाळी दारावर चिकटेल, ही गोष्ट वेगळी. परंतु ताटातल्या भाताचा विचार पायांच्या कामापासून तोडून करता येत नाही, एवढे या दोघांनीही ओळखले होते. आम्ही मात्र खुर्ची निर्दोष सोडून सारी फिर्याद भातावर दाखल केली आहे.

आणि फिर्याद रोग्यावरही दाखल असतेच. मधुमेह झाला म्हणजे मनुष्य जिभेचा लोभी असला पाहिजे, हा समज आमच्याकडे इतका मुरलेला आहे की पुष्कळ रोगी लग्नकार्यात आपला आजार एखाद्या दुष्कृत्यासारखा लपवतात. प्रज्ञापराध, म्हणजे कळत असून वळत नसणे, हे रोगांचे कारण चरकाने सांगितले आहे. पण सुश्रुताने प्रमेह दोन प्रकारचे मानले, एक अपथ्याने ओढवलेला आणि एक जन्माबरोबर आलेला, याची आठवण टीकाकारांना राहत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी या दुसऱ्या बाजूवर आपले आयुष्य वेचले. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचे आणि इंग्लंडातील जॉन यडकिन यांचे एक छायाचित्र प्रसिद्ध झाले. दोघांचाही देहभारांक २२.३, तंतोतंत सारखा. पण यडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. पुणे परिसरातील खेड्यांत जन्मणारी बालके सरासरी २.७ किलोची, साउथॅम्प्टनची ३.५ किलोची, तरीही आमच्या त्या कृश बालकांच्या अंगी मांस कमी आणि चरबी तुलनेने टिकून असलेली, असे त्यांच्या गटाला आढळले. उपाशी राहिलेल्या आईच्या उदरातच मुलाच्या खात्यावर कर्ज चढते आणि सुबत्तेच्या काळात त्याची वसुली निघते, असा याचा एकूण आशय. कर्मविपाकाच्या ग्रंथांनी रोगाला पूर्वजन्मीच्या पापाशी जोडले. येथे पाप कोणाचेच नाही, असलेच तर ते दुष्काळाचे आणि बाईला शेवटी जेवायला लावणाऱ्या शिरस्त्याचे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीने देशातील मधुमेह्यांची संख्या १० कोटी १० लाख ठरवली. एवढी माणसे एकाच वेळी अधाशी झाली असे मानणाऱ्याने स्वतःची प्रज्ञा तपासून घ्यावी.

दोष नसला तरी जबाबदारी उरतेच, आणि ती उचलताना मनुष्य प्रथम ज्या मार्गाकडे धावतो तो संपूर्ण त्यागाचा. भात बंद! या घोषणेत एक प्रकारचा शौर्यरस आहे. गांधीजींनी साबरमतीच्या आश्रमात अस्वाद हे व्रत म्हणून घालून दिले, त्यामागे त्यांची आयुष्यभराची साधना होती. गुरुवारी अहवाल हाती पडला म्हणून शुक्रवारी घेतलेल्या संकल्पामागे ती नसते. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातच इशारा आहे की निराहारी मनुष्यापासून विषय दूर होतात, त्यांची गोडी दूर होत नाही. आणि ती गोडी आत शिल्लक राहिली म्हणजे कोणत्या खिडकीतून बाहेर पडेल याचा नेम नसतो. आमची एकादशी पाहा. त्या दिवशी तांदूळ निषिद्ध. तो निषेध पाळून घरोघर साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी आणि वर केळे असा बेत होतो. ज्या कंदापासून आपला साबुदाणा होतो तो आणि बटाटा दोन्ही दक्षिण अमेरिकेहून आलेले, स्मृतिकारांना स्वप्नातही न दिसलेले. त्यामुळे त्यांना मनाई करण्याचे त्यांच्या हातून राहून गेले आणि आम्ही त्या फटीतून परातच आत ओढून घेतली. साखरेच्या दृष्टीने भाताच्या मुदीपेक्षा हा उपवास महाग पडतो. शिवाय गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असताना निरंकार राहणे म्हणजे साखर एकाएकी उतरण्याला निमंत्रण. आजाऱ्याला उपवासातून मोकळीक धर्मशास्त्राने दिली आहे, कुराणानेही रोजातून दिली आहे, आणि ती न घेण्यात भक्तीपेक्षा हट्टच अधिक असतो. डॉक्टरांना न विचारता केलेल्या व्रताचे उद्यापन पुष्कळदा रुग्णालयात होते.

त्यागापेक्षा अवघड असा दुसरा एक मार्ग आहे आणि त्याची मला माहीत असलेली सर्वांत हृद्य कथा संयुत्तनिकायात आहे. कोसलाचा राजा प्रसेनजित द्रोणभर तांदळाचा भात जेवत असे; द्रोण म्हणजे येथे पळसाच्या पानांचा नव्हे, धान्य मोजण्याचे ते भले थोरले माप. असाच एकदा तो भरपेट जेवून, धापा टाकीत बुद्धाच्या दर्शनाला आला. बुद्धाने त्याला लोभी म्हटले नाही, राज्य सोडून भिक्षू हो म्हटले नाही, भात सोड असेही म्हटले नाही. जो सावध राहून मिळालेल्या अन्नाची मात्रा ओळखतो त्याच्या वेदना हलक्या होतात आणि तो सावकाश म्हातारा होतो, एवढ्या आशयाची एक गाथा म्हटली. राजा शहाणा होता, कारण आपल्या संकल्पाची किंमत त्याला ठाऊक होती. मागे उभ्या असलेल्या सुदर्शन नावाच्या तरुणाला त्याने ती गाथा पाठ करावयास लावली आणि रोजचे शंभर कार्षापण मेहनताना ठरवून, आपण जेवावयास बसलो की ती मोठ्याने म्हणावयाची, अशा कामावर नेमले. हळूहळू राजा द्रोणावरून नाळिका या त्याहून लहान मापाच्या भातावर आला, अंग सडपातळ झाले, आणि आपल्या हातापायांवरून हात फिरवीत तो म्हणाला की भगवंतांनी माझे या लोकीचेही हित केले आणि परलोकीचेही.

या कथेत भात अखेरपर्यंत भातच राहतो, ही पहिली गोष्ट. दुसरी अधिक मोलाची: मात्रा ही भोगणाऱ्याच्या एकट्याच्या भरवशावर सोडलेली नाही. जेवताना मनुष्य स्वतःचा न्यायाधीश असू शकत नाही, कारण फिर्यादी, आरोपी आणि पंच एकाच ताटावर बसलेले असतात. त्याला बाहेरचा साक्षी लागतो. त्या सुदर्शनाचे काम आज ग्लुकोमीटरची पट्टी करते आणि तीन महिन्यांनी एचबीएवनसीचा ताळेबंद करतो. माझ्या परिचयाचे एक सेवानिवृत्त गृहस्थ आहेत, पिंपरीच्या कारखान्यात टर्नर म्हणून हयात घालवलेले. ज्यांनी जन्मभर शतांश मिलिमीटरचा फरक बोटाने ओळखला त्यांना भाताचे माप कळत नाही म्हणणे अपमानास्पद वाटले. आता त्यांच्या ताटापाशी पोचे गेलेली एक जुनी पितळी वाटी असते. सूनबाई ती भरते, चमच्याच्या पाठीने सपाट करते आणि ताटात उपडी घालते. एरवी “बाबा, अजून थोडा वाढू?” असे विचारण्याचा तिचा शिरस्ता होता, तो तिने सोडला, हे त्या घरातील खरे औषध.

मापाची भीती एवढीच की ते कोरडे होते. ताटाची जमाखर्चाची वही झाली म्हणजे रोगी ग्रॅम मोजतो आणि अन्नाला विसरतो. हीसुद्धा अन्नाची निंदाच, फक्त सभ्य भाषेतली. येथे आमच्या जुन्या भोजनविधीत एक युक्ती आहे. आपोष्णी घेऊन पंच प्राणांना पाच आहुती द्यावयाच्या त्या तूपभाताच्या, आणि त्या प्रत्येकी बोटांच्या टोकावर मावतील एवढ्याच. छांदोग्य उपनिषदाने हे प्राणाग्निहोत्र विस्ताराने मांडले आहे. जेवण हे होम ठरले की भात हे हविर्द्रव्य ठरते, आणि अग्नीला आहुती पळीने देतात, त्यात घागर उपडी करीत नाहीत. ज्ञानेश्वरांनी गीतेच्या सहाव्या अध्यायावर लिहिताना आहाराला युक्तीचे माप लावले, आणि वाग्भटाने पोटाचे चार भाग कल्पून दोन अन्नाला, एक द्रवाला आणि एक वाऱ्याला राखून ठेवला. दूर ओकिनावातले म्हातारे दहातील आठ हिस्से पोट भरले की थांबण्याचा नियम पाळतात. दोघांची गाठ कधी पडली नसावी. दूरदूरच्या दोन समाजांना पोटाने एकच उत्तर दिले.

तेव्हा वाकडातल्या मधुमेह्याने आशियाभरच्या भाताशी वैर धरण्याचे कारण मला दिसत नाही, तह मात्र करावा. पाच आहुतींनंतर भाताला थोडे थांबवून कोशिंबीर, पालेभाजी, उसळ, मासा किंवा अंडे आधी खावे. या क्रमाने जेवणानंतरची साखर कमी चढते असे प्रयोगांत दिसले आहे, आणि त्यासाठी आपल्या पंगतीतला पुढचा भात थोडा मागे सरकवावा लागला तरी धर्म बुडत नाही. चायनीज खावयाचे तर बशी दोघांत घ्यावी, भाज्या आणि टोफू किंवा कोंबडी वाढवून मागावी; थाई रश्श्याबरोबर भात वाटीने, हंडीने नव्हे. सुशीच्या भातात साखर घातलेली असते, एवढे ध्यानात असावे. हातसडीच्या तांदळाचा पुरस्कार वर्ध्याच्या मगनवाडीतून ग्रामोद्योग संघाने १९३४ नंतर मोठ्या तळमळीने केला आणि त्यात कोंडा, जीवनसत्त्वे राहतात हे खरेच. पण तो हातसडीचा म्हणून दुप्पट वाढून घेणारे मी पाहिले आहेत. जेवून उठल्यावर लगेच लवंडू नये, थोडे चालावे. शंभर योजने नकोत, दत्तमंदिर रस्त्याची एक फेरी चालेल.

उरतो आग्रह. अतिथीला परत पाठवू नये हेही तैत्तिरीयातलेच व्रत, आणि आम्ही त्याचा अर्थ पानावर भाताचा डोंगर असा करून ठेवला आहे. उत्सवाच्या महाप्रसादाला मधुमेही बसतो तेव्हा त्याची खरी कोंडी होते: नको म्हणावे तर प्रसादाचा अव्हेर, घ्यावे तर देहाचा. वास्तविक देवळाच्या दारात हातावर पडणारा प्रसाद चिमूटभरच असतो आणि तो कमी म्हणून कोणी तक्रार करीत नाही. पंगतीत मात्र पावित्र्य वजनावर मोजले जाते. अन्नदानाचे पुण्य ज्यांना हवे त्या यजमानांनी भाताचा डाव लहान आणि मटकीच्या उसळीचा मोठा करावा, ‘पुरे’ या शब्दाला वाढप्यांनी एकदाच ऐकून मान द्यावा. म्हातोबाची याला हरकत असेल असे मला वाटत नाही. हरकत असलीच तर ती बुंदीच्या ठेकेदाराची असेल.