कोपराचा अर्थ : सायकल-शर्यतीतील अंगस्पर्श आणि हेतूचा प्रश्न

रोलां बार्थ यांचे नाव आपल्या समीक्षेत येते ते प्रामुख्याने लेखकाच्या मृत्यूच्या संदर्भात. याच बार्थ यांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘मिथोलोजी’ या संग्रहात ‘तूर द फ्रांस’ या सायकल-शर्यतीवर एक निबंध लिहिला आहे, आणि त्यात ही शर्यत त्यांनी महाकाव्य म्हणून वाचली आहे. तेथे पर्वत हे भूगोलाचा भाग राहत नाहीत, ते प्रतिनायक होतात. स्पर्धकांच्या नावांना पुराणपुरुषांच्या नावांचे वजन येते. या शर्यतीची नीती द्विअर्थी आहे, वीरोचित औदार्य आणि यशाची निखळ भूक यांच्यामध्ये ती हेलकावत राहते, असे एक मार्मिक निरीक्षणही त्यांनी नोंदवले आहे. मात्र ही द्विधा मिथकाचे एक लक्षण म्हणून सांगून ते पुढे जातात. प्रस्तुत निबंधाला थांबायचे आहे ते नेमके तेथे. ताशी साठ-सत्तर किलोमीटर वेगाने जाणाऱ्या एका माणसाचे अंग दुसऱ्याच्या अंगाला लागते, दुसरा पडतो, आणि आपण ‘हे अन्याय्य आहे’ असे म्हणतो. तेव्हा आपण न्याय करतो तो कशाचा? हेतूचा, परिणामाचा, की आणखी कशाचा?

स्पर्श हा मुळातच निंद्य नाही, हे आधी सांगितले पाहिजे. १२ जुलै १९६४ रोजी प्युई द दोम या मृत ज्वालामुखीच्या चढावर जाक आंकतील आणि रेमों पुलिदोर एकमेकांना खांदा लावून चढत होते. त्या क्षणाचे छायाचित्र फ्रेंच क्रीडास्मृतीतील बहुधा सर्वांत प्रिय प्रतिमा असेल. अखेरच्या टप्प्यात पुलिदोर पुढे निघून गेला, त्याने ४२ सेकंद मिळवले, आणि तरीही एकूण क्रमवारीत आंकतीलकडे १४ सेकंदांची आघाडी उरली. त्या छायाचित्रात कोणी कोणाला रेटले असा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. खांदा तोच, घर्षण तेच. परंतु चढावरचा वेग मंद असतो, आणि मुख्य म्हणजे ती प्रतिमा द्वंद्वयुद्धाच्या वाङ्मयप्रकारात वाचली जाते. तोच खांदा सपाट रस्त्यावरच्या शेवटच्या दोनशे मीटरमध्ये आला की तो गुन्ह्याच्या प्रकारात वाचला जातो. म्हणजे स्पर्शाच्या नैतिक अर्थाआधी त्याचा प्रकार ठरलेला असतो. ही गोष्ट साहित्याच्या अभ्यासकाला नवी वाटू नये.

काही खेळांत अंगस्पर्श हाच खेळ असतो. कबड्डीतून पकड काढून टाकली तर उरतो तो केवळ श्वास. काही खेळांत जाळीच्या दोन बाजूंना उभे राहून स्पर्शाची शक्यताच संपवलेली असते. सायकल-शर्यत या दोहोंच्या मध्ये आहे. हवेचा रोध टाळण्यासाठी प्रत्येकजण पुढच्याच्या चाकामागे वीतभर अंतर ठेवून लपतो. शे-दीडशे माणसांचा असा जथा दिवसाचे चार-पाच तास चालतो, तेव्हा कोपर, खांदा, नितंब यांचा स्पर्श अटळ असतो. कसलेला सायकलस्वार अशा स्पर्शाने घाबरून दूर जात नाही. उलट किंचित रेलून तो तोल सांभाळतो, कारण दूर झाला की तिसऱ्याच्या चाकाला चाक लागते. या जथ्यात कोपराला एक रूढ वाच्यार्थही आहे. आघाडीवर वारा अंगावर घेणारा स्वार कोपर बाहेर झटकतो, त्याचा अर्थ ‘आता तू पुढे ये’ असा होतो. चिन्हमीमांसेचा पहिला धडा शिकवायला याहून सोपे उदाहरण मिळणार नाही. पण अखेरच्या धावेत तेच कोपर बाहेर आले की ते चिन्ह आहे, तोल सांभाळण्याची शारीर प्रतिक्रिया आहे, की आघात आहे, हे कोपराकडे पाहून कळत नाही.

आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेचा यासंबंधीचा नियम पाहण्यासारखा आहे. त्याचा भर कोपरावर नाही. अखेरची धाव सुरू करताना स्वाराने जी रेषा निवडली असेल, ती सोडून त्याने इतरांना धोक्यात घालू नये, एवढेच तो म्हणतो. ही रेषा रस्त्यावर कोठेही आखलेली नसते. पुढचा स्वार ती आपल्या गतीने काढत जातो, मागचा तिचा अंदाज बांधतो आणि त्या अंदाजावर स्वतःचा देह पणाला लावतो.

४ जुलै २०१७ रोजी व्हित्तेल येथे ‘तूर’चा चौथा टप्पा संपला. आर्नो देमार पहिला आला. उजव्या बाजूच्या कठड्यालगत मार्क कॅव्हेंडिश जागा शोधत होता आणि त्याच्या पुढे पीटर सागन उजवीकडे सरकत होता. कॅव्हेंडिश कठड्यावर आदळून पडला, त्याच्या खांद्याचे हाड मोडले, त्याला शर्यत सोडावी लागली. सागनचे उजवे कोपर बाहेर आलेले सर्वांनी पाहिले. पंचांनी आधी गुण आणि वेळ कापली. थोड्याच वेळात त्याला शर्यतीतूनच काढून टाकले. तो तेव्हा विद्यमान विश्वविजेता होता. मग चित्रफितींचे वाचन सुरू झाले. समोरून घेतलेल्या दृश्यात कोपर ढकलताना दिसते. वरून घेतलेल्या दृश्यात मात्र कॅव्हेंडिशचा तोल आधी गेला आणि कोपर नंतर उठले असे अनेकांना दिसले. प्रकरण लोझानच्या क्रीडा लवादाकडे गेले आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात तडजोडीने मिटले. घडले ते दुर्दैवी होते, हेतुपुरस्सर नव्हते, आणि पंचांनी हाती असलेल्या माहितीनुसार निर्णय दिला होता, असे संघटनेने मान्य केले. शर्यत अर्थातच जुलैतच संपली होती.

या प्रकरणातील मंदगती चित्रणाचा भाग मला सर्वांत अस्वस्थ करणारा वाटतो. अर्ध्या सेकंदाची हालचाल दहा सेकंदांवर ताणली की तिच्यात विचाराला, निवडीला आणि दुष्टाव्यालाही पुरेशी जागा निर्माण होते. स्वाराला तो अवकाश मिळालेलाच नव्हता. मंदगती चित्रण हेतू दाखवत नाही. हेतू राहू शकेल असे एक घर बांधून देते, आणि मग प्रेक्षक त्यात आपल्या आवडीचा भाडेकरू ठेवतो. सागनच्या चाहत्याला तेथे निरागस प्रतिक्षिप्त क्रिया दिसते, विरोधकाला कपट.

येथे साहित्यसिद्धान्ताचा विद्यार्थी म्हणेल की यात नवल ते काय? विमसॅट आणि बिअर्डस्ली यांनी १९४६ मध्येच कर्त्याच्या हेतूवरून कृतीचा अर्थ ठरवणे हा तर्कदोष मानला होता. पुढे बार्थ यांनी कर्त्यालाच निरोप दिला. हेतू सोडून द्यावा, केवळ कृती वाचावी. हा सल्ला आकर्षक आहे, पण तो जसाच्या तसा उचलता येत नाही. कवितेच्या बाबतीत हेतू सोडता येतो, कारण कविता प्रसिद्ध होताच भाषेची होते आणि भाषा तिचे रक्षण करते. चुकीच्या वाचनाने कविता मरत नाही. कोपराखाली मात्र एक देह असतो. शिवाय कवितेचा वाचक कृतीनंतर येतो, अखेरच्या धावेतला वाचक कृतीच्या आतच असतो आणि चुकीच्या वाचनाची किंमत हाडांनी देतो. अनेकार्थतेचा जो उत्सव आपण गेली काही दशके या पानांवर साजरा करीत आलो, त्याला येथे मर्यादा पडते, असे माझे स्पष्ट मत आहे.

मग हेतू परत आणायचा काय? न्यायालयाने तसा प्रयत्न करून पाहिला आहे. १९८८ साली बेल्जियममधील रोन्से येथे विश्वविजेतेपदाच्या शर्यतीत अखेरच्या चढत्या धावेत कॅनडाचा स्टीव्ह बाउअर आणि बेल्जियमचा क्लोद क्रिकिएलियाँ पुढे होते. क्रिकिएलियाँ कठडा आणि बाउअर यांच्यामधून शिरू पाहत असताना पडला. मागून आलेला इटलीचा मॉरिझिओ फोंड्रिएस्ट विश्वविजेता झाला. पंचांनी बाउअरला बाद केले. क्रिकिएलियाँने पुढे त्याच्यावर मोठ्या नुकसानभरपाईचा दावा लावला. तो काही वर्षे चालला आणि निकाल बाउअरच्या बाजूने लागला. पंचांचा दोष आणि न्यायालयाची निर्दोषता यांत मला विसंगती दिसत नाही, कारण दोघांचे प्रश्न वेगळे आहेत. शर्यतीचा नियम रेषेविषयी विचारतो. दिवाणी दावा अपराध आणि भरपाई यांविषयी विचारतो. आपल्याकडे गदायुद्धाच्या अखेरीस हाच पेच उभा राहतो. भीमाने मांडीवर गदा मारताच बलराम संतापतो तो नियमभंगासाठी. कृष्ण त्याची समजूत घालतो ती भीमाच्या प्रतिज्ञेचा आणि द्यूतसभेच्या इतिहासाचा आधार घेऊन. महाभारतकाराने दोघांनाही बोलू दिले आहे, आणि बलरामाचे पूर्ण समाधान झाल्याचे दाखवण्याची घाई केलेली नाही.

हेतूचा आधार सुटला की लोक परिणामाकडे वळतात. ५ ऑगस्ट २०२० रोजी पोलंडमधील काटोव्हिट्से येथे शर्यतीचा पहिला टप्पा उतारावर संपत होता, वेग ताशी ऐंशी किलोमीटरच्या घरात होता. डिलन ग्रूनेवेगेन आपली रेषा सोडून उजवीकडे सरकला आणि त्याचाच देशबंधू फाबिओ याकोबसेन कठड्यावर फेकला गेला. कठडे जागचे उखडून उडाले. याकोबसेनला कृत्रिम बेशुद्धीत ठेवावे लागले, टाळू फुटला, अनेक दात गेले. ग्रूनेवेगेनला नऊ महिन्यांची बंदी झाली. बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगल यांनी १९७६ मध्ये ‘नैतिक दैव’ ही जी संकल्पना चर्चेत आणली, तिचे याहून क्रूर उदाहरण शोधावे लागेल. अशी सरकणी प्रत्येक मोसमात अनेकदा होते. मागच्याने ब्रेक लावला की ती विस्मरणात जाते. २०२० च्याच ‘तूर’मध्ये प्वातिए येथे सागनने वाउट व्हान आर्टला खांदा दिला, कोणी पडले नाही, आणि शिक्षा झाली ती त्या टप्प्याच्या क्रमवारीत मागे ढकलण्याची. दोन कृत्यांमधील अंतर दोषाचे किती आणि कठड्यांचे किती?

कठड्यांविषयी बोलले पाहिजे, कारण व्यक्तीला शिक्षा करण्यात एक सोयही दडलेली असते. काटोव्हिट्सेच्या त्या उताराबद्दल स्पर्धकांची नाराजी जुनी होती. रेषा केवळ स्वारच काढतो असे नाही. कठडा ही आयोजकाने काढलेली रेषा आहे, आणि ती आपल्या जागी राहील या विश्वासावर स्वार तिच्या लगत जातो. त्या दिवशी दोन रेषा मोडल्या. बंदी एकाच माणसाला झाली. अर्थात यामुळे ग्रूनेवेगेन निर्दोष ठरतो असे नाही. दुसऱ्याचा दोष दाखवून पहिल्याचा कमी होत नाही, एवढा साधा हिशेब तरी आपण पाळावा.

कर्तृत्व किती जणांत वाटलेले असते हे २०१० मध्ये बूर्-ले-व्हालांस येथेही दिसले. मार्क रेनशॉने ज्युलियन डीनला धावता धावता डोक्याने धडका मारल्या. रेनशॉ शर्यतीतून बाद झाला, आणि ज्याच्यासाठी तो मार्ग मोकळा करीत होता त्या कॅव्हेंडिशचा विजय कायम राहिला. सहायक स्वाराला या खेळात ‘दोमेस्तिक’ म्हणतात. शब्दशः घरगडी. शब्दच बरेच काही सांगून जातो.

या सर्व उदाहरणांनंतर मला असे वाटते की येथील दोषाची व्याख्या हेतूनेही करू नये आणि जखमेनेही. माझ्या गतीवरून दुसऱ्याने माझ्या पुढच्या क्षणाचा अंदाज बांधला आहे आणि त्यावर आपला जीव ठेवला आहे, हे मला माहीत असते. तो अंदाज मी माझ्या लाभासाठी खोटा पाडला, तर दोष तेथेच पूर्ण झाला, मग कोणी पडो वा न पडो. जखमेमुळे वाढते ती भरपाईची जबाबदारी. १ जानेवारी २०२५ पासून संघटनेने लागू केलेली पिवळ्या कार्डांची पद्धत नकळत याच दिशेने जाते: धोकादायक वर्तनाला कार्ड मिळते, मग परिणाम काहीही असो, एकाच शर्यतीत दोन कार्डे झाली की स्पर्धक बाहेर जातो आणि त्याला सात दिवसांची बंदी होते. संघाच्या मोटारी चालवणाऱ्यांना आणि मोटारसायकलींवरील छायाचित्रकारांनाही ते दाखवता येते. उतारावर समाप्तिरेषा आखणाऱ्याला दाखवता येत नाही.

अपघातानंतर काही दिवसांनी ग्रूनेवेगेनने डच दूरचित्रवाणीवर बोलताना आपण रेषा सोडली आणि तसे करायला नको होते, असे कबूल केले. हेतूची चर्चा जगभर चालू असताना त्याने नियमाचीच भाषा वापरली. मे २०२१ मध्ये दोघांची भेट झाली. तिच्याविषयी याकोबसेनने नंतर जाहीरपणे सांगितले की व्यक्तिशः क्षमायाचना किंवा जबाबदारीचा स्वीकार आपल्याला ऐकू आला नाही. ग्रूनेवेगेनला ती भेट वेगळी भासली होती. त्याच वर्षी स्पेनच्या शर्यतीत याकोबसेनने गुणांची हिरवी जर्सी मिळवली. २०२२ च्या ‘तूर’चा दुसरा टप्पा डेन्मार्कमधील न्यूबोर्ग येथे त्याने जिंकला, आणि दुसऱ्या दिवशी सोन्देरबोर्ग येथे ग्रूनेवेगेन पहिला आला.