खोक्यांची मांडणी

अकरा महिन्यांच्या करारावरचं घर. भिंतीत खिळा ठोकायचा तरी मालकांना विचारावं लागतं. तेव्हा ‘स्वतःचं घर झालं की सुतार लावून घेऊ’ या एका वाक्याच्या भरवशावर आमची पुस्तकं सहा वर्षं पलंगाखाली पडून होती. मे महिन्यात कंटाळून कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून तेलाच्या पिशव्यांची रिकामी खोकी मागितली. दुकानदारांनी विचारलं, “घर बदलताय का?” म्हटलं, “नाही, मांडणी करतोय.” ते हसले, पण खोकी मात्र निवडून निवडून दिली.

सहा खोकी आडवी केली, तोंडं आपल्याकडे. तीनांवर तीन रचून सुतळीने आवळली आणि वरून खळीने खाकी कागद डकवला. खळीला झुरळं लागतात म्हणून आई तिच्यात मोरचूद घालायची, तसा मीही चिमूटभर घातला. (घरात रांगतं मूल असेल तर हे करू नका, विष आहे ते.) महिनाभर मांडणी ऐटीत उभी होती. मग पाऊस लागला, हवा ओलावली आणि शब्दकोशांच्या कप्प्याचं पोट सुटलं. बाजूची भिंतही मुडपली.

वैतागून ते खोकं कापलं, तेव्हा पुठ्ठ्याची कड पहिल्यांदा नीट पाहिली. दोन सपाट कागद आणि त्यांच्या मधे पन्हळी पत्र्यासारखा वळ्यावळ्यांचा तिसरा. पुठ्ठ्याचा सगळा जोर या वळ्यांत, आणि तोही एकाच दिशेनं. वळ्या उभ्या असल्या तर प्रत्येक वळी खांबासारखी वजन पेलते. आडव्या झाल्या की दबते. खोक्यावर बाण छापलेला असतो ना, ‘ही बाजू वर’ असं सांगणारा? तो आतल्या मालासाठी असतो एवढंच मी समजत होतो. पण बाण सांगतो तसं खोकं ठेवलं, तरच त्याच्या चारही भिंतींतल्या वळ्या उभ्या राहतात. मी ते आडवं पाडलं आणि वर शब्दकोश लादले. शेजारी छत्रीचंही चित्र होतं. तेही पाहिलं नव्हतं.

या वळ्या काही पुस्तकांसाठी जन्मल्या नव्हत्या. 1856 साली इंग्लंडमध्ये असा कागद उंच टोप्यांच्या अस्तरासाठी निघाला. 1871 मध्ये न्यूयॉर्कच्या अल्बर्ट जोन्सनं बाटल्या आणि दिव्यांच्या काचा गुंडाळायला त्याचं पेटंट घेतलं. आणि 1972 मध्ये फ्रँक गेरी या वास्तुकारानं पुठ्ठ्याचे थर एक उभा, एक आडवा असे चिकटवून चक्क खुर्च्या केल्या. जड माणसानं बसावं अशा.

मग मीही तेच केलं. सातवं खोकं फाडून तुकडे कापले. भिंतींना आतून लावायचे ते वळ्या उभ्या ठेवून, आणि फळीवर टाकायचे ते वळ्या डावीकडून उजवीकडे जातील असे. कटरनं अंगठा कापला, तो भाग सोडून देऊ. अख्खा रविवार गेला. शब्दकोश तळाला गेले, कवितासंग्रह वर. कवितासंग्रह मुळात बारीक, त्यांची कुणालाच तक्रार नसते.

पाहुणे येतात, मांडणीकडे बघतात आणि “सध्यापुरतं ठीक आहे,” म्हणतात. मला त्या ‘सध्यापुरतं’चा आता राग येत नाही. पक्क्या कपाटाची वाट पाहत जी सहा वर्षं गेली, त्यांत मी पलंगाखाली वाकून एकही पुस्तक काढलेलं आठवत नाही. या खोक्यांतून मात्र रोज रात्री एखादं तरी निघतं. पुठ्ठ्यानं एवढं केलं. सागवानानं काय केलं असतं ते सागवान आलं की बघू.

यंदा मार्चमध्ये करार संपला आणि दुकानदारांचा प्रश्न खरा ठरला. सुतळी सोडली, खोकी एकेक करून उभी केली, बाण वर. पुस्तकं आतच होती. वर चिकटपट्टी मारली आणि टेम्पोत चढवली. नव्या घरात पहिल्याच संध्याकाळी पुस्तकं लागली. स्वयंपाकघर लागायला चार दिवस गेले.