यंत्राची शिदोरी

दूरच्या प्रवासास निघणाऱ्या मनुष्याने बरोबर काय न्यावे, हा प्रश्न वरवर पाहता केवळ सोयीचा दिसतो. परंतु विचार केला असता तो नीतीचाही आहे असे आढळून येईल. पायी जाणारा भाकरीची शिदोरी बांधतो, आणि ती विसरला तर तो एकटाच उपाशी राहतो. जीप हाकणाऱ्याची गोष्ट निराळी आहे. त्याच्या यंत्राची शिदोरी घरी राहिली, तर त्याच्या भरवशावर मागे बसलेली सर्व माणसे रानात अडकतात. म्हणून इंजिनाचे कोणते सुटे भाग बरोबर घ्यावे व कोणते घेऊ नयेत, याचा आम्ही आज थोडा विचार करू इच्छितो.

आमच्या परभणी जिल्ह्यात हा विचार अनाठायी नाही. परभणी, पूर्णा, सेलू, गंगाखेड या गावांवरून आगगाडी जाते. जिंतूर, पाथरी व पालम यांस ती नाही. उत्तरेकडे जिंतूर तालुक्यात अजिंठ्याच्या डोंगरांचे फाटे आहेत, दक्षिणेकडे गंगाखेड तालुक्यात बालाघाटाच्या रांगा आहेत, आणि मधला बहुतेक प्रदेश काळ्या मातीचा आहे. उन्हाळ्यात पारा ४२ अंशांपलीकडे जातो. पावसाळ्यात तीच माती चाकास धरून बसते व इंजिनास दुप्पट ओढ लागते. निजामाच्या राज्यात १९३२ साली रेल्वे खात्याने २७ गाड्यांनिशी मोटारींची सरकारी वाहतूक सुरू केली. तेव्हाची ती गाडी असो की आजची एस. टी. असो, तिच्या पाठीशी आगार व मिस्त्री असतात. आडवाटेच्या वाडीस जाणाऱ्या खाजगी गाडीचे आगार म्हणजे तिची पेटीच होय.

या बाबतीत मनुष्य दोन प्रकारे चुकतो. पहिला म्हणतो, "आजवर काही झाले नाही, आजही होणार नाही," आणि रिकाम्या पेटीनिशी निघतो. जुन्या घडणीच्या जीपमध्ये पंखा, पाण्याचा पंप व बॅटरी भरणारे यंत्र ही तिन्ही एकाच रबरी पट्ट्यावर फिरतात. तो पट्टा तुटला की पाणी फिरत नाही व इंजिन उकळू लागते. तशातही गाडी दामटली तर हेड वाकते, गॅस्केट जळते, आणि लहानशा पट्ट्यापायी मोठ्या खर्चाचे इंजिन हातचे जाते. अशा मनुष्याच्या निष्काळजीपणास कोणी भरवसा म्हणतात. परंतु भरवसा व आळस यांचा पोशाख पुष्कळदा एकच असतो, हे ध्यानात ठेवावे.

दुसऱ्याची चूक याच्या उलट. तो प्रत्येक संकटाची कल्पना करतो व प्रत्येकासाठी एक लोखंडाचा तुकडा उचलतो. पंप घेतो, डायनामो घेतो, गॅस्केटचा संच घेतो. पेटी वाढते तशी माणसाची जागा घटते. बाजाराच्या दिवशी वाटेवर उभ्या असलेल्या म्हातारीस तो "जागा नाही" असे सांगतो, कारण तिची जागा त्याच्या भीतीने घेतलेली असते.

मग मध्यम मार्ग कोणता? कोणताही भाग पेटीत ठेवण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावे. हा भाग गेला तर गाडी जागीच थांबेल काय? तो नेहमी झिजणारा किंवा तुटणारा आहे काय? आणि आपल्या हातांनी, आपल्याजवळच्या पान्यांनी, रस्त्याच्या कडेस तो बसविता येईल काय? तिन्हींचे उत्तर होय असेल तर तो घ्यावा. पंख्याचा पट्टा, पाण्याच्या रबरी नळ्या व त्यांच्या पकडी, डिझेलचा फिल्टर, फ्यूज, क्लचची तार, पेट्रोलच्या गाडीस स्पार्क प्लग, इतके भाग या कसोटीस उतरतात. त्यांच्या जोडीस थोडे ऑइल व पाणी. पिस्टन वा हेडची गॅस्केट उतरत नाही. कारण ती बसविण्यास जे कौशल्य व जी जागा लागते ती रानात नसते.

यांपैकी तिसरा प्रश्न लोक बहुधा विसरतात. डिझेलचा फिल्टर बदलला म्हणजे नळ्यांत हवा शिरते. हातपंप मारून ती काढल्यावाचून इंजिन चालू होत नाही. ज्यास हवा काढता येत नाही त्याच्याजवळचा नवा फिल्टर निरुपयोगी होय. याउलट, जर्मनीत १८८८ साली बर्था बेंझ ही बाई आपल्या दोन मुलांसह, नवऱ्याने बनविलेल्या मोटारीतून मानहाइमहून फोर्झहाइमला गेली. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती तिने टोपीच्या टाचणीने मोकळी केली. विजेच्या तारेचे आवरण झिजले, तेथे तिने मोज्याचा बंद गुंडाळला. तिने यंत्र जाणले होते, म्हणून अंगावरच्या वस्तूही सुटे भाग झाल्या.

काही भाग पेटीत ठेवावयाचे नसतात. ते वेळेवर बदलावयाचे असतात. ज्या इंजिनात टायमिंगचा पट्टा असतो, तेथे तो तुटला तर पुष्कळदा व्हॉल्व्हच वाकतात. मग पेटीतला नवा पट्टा काय कामाचा? तो मुदतीत घरीच बदलला पाहिजे. इतर पट्ट्यांविषयी एक चांगली रीत अशी की, नवा पट्टा गाडीस चढवावा व उतरविलेला, पण अजून धड असलेला, पेटीत ठेवावा. तो नीट बसतो हे ठाऊक असते, आणि नवाही गावातच पारखला जातो. रबर उन्हाने फुटते, म्हणून तो फडक्यात गुंडाळून सावलीस ठेवावा. हल्लीच्या पुष्कळ इंजिनांत डिझेलचा पुरवठा विजेच्या यंत्रणेने चालतो. ती बिघडली तर रस्त्यावर इलाज नसतो. तेथे आपण कोठे जातो व केव्हा परतणार, हे घरी सांगून निघणे हाच उत्तम सुटा भाग होय.

आता कठीण प्रश्न. समजा, आपण रोग्यास घेऊन परभणीकडे निघालो आहो, व वाटेत दुसरी गाडी पट्टा तुटून उभी आहे. आपल्याजवळ एकच पट्टा आहे व तो तिला बसतो. द्यावा की न द्यावा? कोणी म्हणेल, न देणे हा कठोरपणा आहे. दहा कुमारींच्या दाखल्यातील शहाण्या पाच जणींनी आपले तेल दिले नाही, हे वाचून पुष्कळांचे मन अडखळते ते याचमुळे. आम्हांस असे वाटते की, तो पट्टा गाडीवानाचा नव्हे. मागे बसलेल्या रोग्याची ती ठेव आहे. स्वतःची सोय देऊन टाकण्याचा अधिकार प्रत्येकास आहे. दुसऱ्याची सुरक्षितता देऊन टाकण्याचा कोणासही नाही. परंतु पट्टा राखला म्हणून कर्तव्य सरले असे नाही. त्यांच्यातील अशक्तांस आपल्या गाडीत घ्यावे, पाणी द्यावे, पुढच्या गावी मिस्त्रीस निरोप पोहोचवावा.

आणि समजा, आपण एकटेच रिकामी गाडी घेऊन परत चाललो आहो. पट्टा तोच, पेटीही तीच. पण आता तो राखून ठेवणे हे दूरदृष्टीचे लक्षण नसून कृपणतेचे आहे. उद्या आपला पट्टा तुटला, तर आपण एक रात्र रस्त्यावर काढू, इतकेच.

तात्पर्य, वाचकहो, पुढच्या खेपेस निघण्यापूर्वी पेटी उघडून पाहा. जे आपणांस बसविता येत नाही ते काढून ठेवा, किंवा मिस्त्रीजवळ बसून ते शिकून घ्या. जे तुटण्याजोगे आहे ते आजच बदला. आणि मागच्या बाकावर कोण बसणार आहे हे आठवून मगच पेटीचे झाकण लावा.