सहासष्ट दिवसांचा सिक्का

जुन्या नाण्यांच्या बाजारात एक उलटा हिशेब चालतो. रोमचा सम्राट हेड्रियन इ.स. ११७ ते १३८ अशी एकवीस वर्षे गादीवर होता. त्याचा चांदीचा डिनेरियस शोधणाऱ्याला फारसे कष्ट पडत नाहीत. दिदियस ज्युलियानस अवघे ६६ दिवस टिकला. त्याच्या तशाच नाण्यासाठी संग्राहक कितीतरी पट पैसे मोजतात. राज्य जितके लवकर बुडाले, तितके नाणे दुर्मीळ. हे मोल नेमके कशाचे, असा प्रश्न आम्हाला पडतो.

ज्युलियानसची हकीकत अशी. इ.स. १९३ च्या मार्चमध्ये राजधानीतल्या शाही रक्षकांनी पर्टिनॅक्सला ठार केले. त्याचे राज्य ८७ दिवसांचे. मग त्याच रक्षकांनी साम्राज्याचा लिलाव मांडला. ज्युलियानसने दर शिपायामागे २५,००० सेस्टर्सची बोली लावली आणि तख्त घेतले. त्याच्या नाण्यावर अक्षरे कोरली गेली: ‘सैन्याची एकजूट’. सेप्टिमियस सेव्हेरसची फौज रोमजवळ येताच ही एकजूट विरून गेली. सिनेटने ज्युलियानसला मृत्युदंड फर्मावला आणि जूनच्या आरंभी एका शिपायाने त्याला महालातच मारले.

ओथोचेही तसेच. इ.स. ६९ मध्ये तो तीन महिने सम्राट होता आणि ते तीन महिने यादवी युद्धात गेले. पराभवानंतर त्याने आत्महत्या केली. त्याच्या नाण्यावर मजकूर आहे, ‘सबंध जगाची शांती’.

आपल्याकडच्या सुलतानांच्या इतिहासात खुत्बा आणि सिक्का या हुकूमतीच्या दोन खुणा मानल्या जात. रोममध्ये खुत्बा नव्हता, पण सिक्का होता. शिपायांचा पगार नाण्यांत द्यायचा, तेव्हा नव्या धन्याचा चेहरा त्यांच्या हातात तातडीने पोहोचायला हवा. म्हणून टांकसाळ आधी कामाला लागे. राज्य टिकणार की नाही, हे नंतर ठरे.

मग ही नाणी खोटे बोलतात असे म्हणायचे का? ते सोपे आहे, पण न्यायाचे नाही. दीर्घकाळ राज्य केलेल्यांनीही शांती आणि एकजूट हेच शब्द कोरले. त्यांना काळाने मुदत दिली म्हणून त्यांचे शब्द आपल्याला खरे वाटतात. आपण यशालाच सत्य समजतो की काय? आमच्या मते ज्युलियानसचे नाणे त्याच्या गरजेची साक्ष देते. जे त्याच्यापाशी नव्हते, तेच त्याने चांदीवर मागून घेतले.

ही साक्ष ऐकायची तर नाणे कुठून आले तेही कळायला हवे. फ्रान्समध्ये नान्तजवळ १९०० साली डोमिशियानस नावाच्या अपरिचित सम्राटाचे एक नाणे सापडले. ते बनावट समजून बाजूला टाकले गेले. पुढे २००३ मध्ये इंग्लंडमधील ऑक्सफर्डशायरात चॅलग्रोव्ह येथे सुमारे ५,००० नाण्यांनी भरलेले मडके निघाले. नाणी एकमेकांना चिकटलेली होती. ब्रिटिश म्युझियममध्ये ती सुटी करताना त्याच डोमिशियानसचे, त्याच ठशाचे दुसरे नाणे हाती आले. इ.स. २७१ च्या सुमारास बहुधा काही दिवसच सत्तेवर असलेला हा माणूस इतिहासात परत आला. त्याच्याही नाण्यावर ‘सैन्याची एकजूट’च आहे!

ते मडके फोडून एकेक नाणे गुपचूप विकले गेले असते, तर या नाण्यावर पुन्हा बनावटपणाचाच शिक्का बसला असता. शेजारच्या हजारो स्वस्त, सामान्य नाण्यांनीच त्याची खरी ओळख पटवली. केवळ दुर्मीळतेला दाम मोजणारा आणि नाणे कुठे, कशासोबत सापडले हे न विचारणारा संग्राहक नकळत अशा लुटीला उत्तेजन देतो.

नाणे जमवण्यात आम्हाला गैर काही दिसत नाही. पण दोन हजार वर्षांत असंख्य हातांतून गेलेली वस्तू आपल्या कपाटात येते ती अमानत म्हणून. तिच्यासोबत तिची हकीकतही सांभाळणे आणि पुढच्याच्या हाती ती पूर्ण सोपवणे, एवढी जबाबदारी घेणाऱ्यानेच ती घ्यावी.